हीटर, हिवाळा आणि हेन्री गॉस

जानेवारीची पहाट. वर्ध्यात थंडीची लाट आली की पारा दहाच्या आसपास उतरतो. तुम्ही दोन गोधड्या ओढून झोपलेले असता. आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात, काचेच्या टाकीत, निळ्या दिव्याखाली बसलेले असतात उष्ण कटिबंधाच्या समुद्रातले जीव. त्यांना पाणी हवं २५-२६ अंशांचं. दिवसाही तेवढंच आणि पहाटे चारलाही तेवढंच. अशात लाइन जाते.

रीफ टँक ठेवणाऱ्याला विचारा, हिवाळ्यातली त्याची झोप कशी असते ते. रीफ टँक म्हणजे बैठकीतला गोल्डफिशचा साधा फिश टँक नव्हे. त्यात खारं पाणी, प्रवाळ, समुद्रफुलं, क्लाउनफिश, पाणी सतत हलतं ठेवणारे पंप, खास दिवे आणि हीटर असतात. छंद महागडा आहे, आपल्याकडं अजून विरळाच. वर्ध्याहून मुंबईचा समुद्र रेल्वेनं साडेसातशे किलोमीटरवर आहे, त्यामुळं पाणीसुद्धा घरीच मीठ कालवून तयार करावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, समुद्र उचलून घरात आणायचा हा उद्योग सुचला तरी कुणाला? खरं सांगायचं तर एकट्या कुणाला नाही. पण सगळ्या जगाला ज्यानं त्याचं वेड लावलं, तो माणूस एकच. फिलिप हेन्री गॉस. 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द आज आपण वापरतो त्या अर्थानं रूढ केला तो यानंच. गंमत म्हणजे याच्या टाकीत हीटर नव्हता. का नव्हता, ते पुढं कळेलच.

गॉसचा जन्म ६ एप्रिल १८१० चा, इंग्लंडमधल्या वूस्टरचा. वडील गावोगाव फिरून लोकांची छोटी चित्रं काढायचे. त्यात पोट भरायचं नाही, कुटुंबाची कायम ओढाताण. पोरगा वाढला तो समुद्रकाठच्या एका बंदरात. त्या गावाचं नाव पूल. (आपला नदीवरचा नव्हे, गावाचं नावच तसं.) तिथं त्याची एक आत्या होती, तिला किनाऱ्यावरच्या जिवांची भारी हौस. खडकांतल्या डबक्यात फुलासारखे दिसणारे प्राणी, म्हणजे समुद्रफुलं, तिनं त्याला दाखवली. ती घरी आणून समुद्राच्या पाण्याच्या भांड्यात जिवंत ठेवता येतील, हेही तिनंच सुचवलं. हे बी कुठं पडलं आणि कधी उगवलं, ते लक्षात ठेवा. मध्ये बरीच वर्षं गेली.

कॉलेजचं तोंड गॉसनं कधी पाहिलं नाही. पंधराव्या वर्षी एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून म्हणून लागला. १८२७ मध्ये त्याच धंद्याच्या कामासाठी त्याला अटलांटिकपलीकडं न्यूफाउंडलंडला पाठवलं, कार्बोनियर नावाच्या मासेमारीच्या गावात. वय सतरा. तिथला हिवाळा म्हणजे आपल्या कल्पनेपलीकडचा, समुद्रावर बर्फ तरंगतं. दिवसभर हिशेबाच्या वह्या आणि उरलेल्या वेळात किडे, फुलपाखरं. १८३२ मध्ये सूक्ष्मदर्शकाविषयीचं एक जुनं पुस्तक त्याच्या हाती लागलं आणि गडी कामातून गेला. म्हणजे कारकुनीच्या कामातून. १८३५ मध्ये नोकरी सोडली, मित्रांबरोबर कॅनडात शेती घेतली. ती तीन वर्षांत बुडाली. मग अमेरिकेतल्या अलाबामात मळेवाल्यांच्या मुलांना शिकवायला गेला. तिथली गुलामगिरी डोळ्यांनी पाहून हादरला आणि आठ-नऊ महिन्यांत परत फिरला. १८३९ मध्ये इंग्लंडला पोचला तेव्हा वय एकोणतीस, खिशात जवळजवळ काही नाही आणि ट्रंकेत किड्यांची चित्रं.

आज अशा बायोडेटाला कुणी मुलाखतीलाही बोलावणार नाही. पण बापाकडून त्यानं एक गोष्ट शिकून घेतली होती, बारीक ब्रशनं अचूक चित्र काढणं. परतीच्या प्रवासात कॅनडातल्या निसर्गावर पुस्तक लिहून काढलं. आत्याचा मुलगा थॉमस बेल प्राणीशास्त्रज्ञ होता, त्याच्या शिफारशीनं ते १८४० मध्ये छापलं गेलं. मग एकामागून एक पुस्तकं. १८४४ मध्ये तो जमैकाला गेला आणि दीड वर्ष राहिला. तिथल्या पक्ष्यांवरचं त्याचं पुस्तक आजही महत्त्वाचं मानतात. त्या कामात त्याला सॅम्युएल कॅम्पबेल नावाच्या स्थानिक कृष्णवर्णीय तरुणाची मोठी साथ होती. गॉसनं त्याचं श्रेय छापून दिलं. त्या काळात असं श्रेय सहसा कुणी देत नसे, म्हणून मुद्दाम सांगतोय.

जमैकाच्या किनाऱ्यावर प्रवाळाच्या रांगाच रांगा आहेत. पण गॉसनं टाकीत ठेवलेले प्रवाळ तिथले नव्हेत. ते इंग्लंडच्या थंड पाण्यातले.

१८४८ मध्ये त्याचं एमिली बोवेसशी लग्न झालं. ती लेखिका, त्याच्याहून थोडी मोठी, दोघंही कट्टर धार्मिक पंथातले. पुढल्या वर्षी मुलगा झाला, एडमंड. गॉसचं काम मात्र थांबेना. लिहिणं, चित्रं, सूक्ष्मदर्शक, व्याख्यानं. डोकं दुखायला लागलं, पोट बिघडलं, शरीरच बसलं. समुद्रावर जाऊन विश्रांती घ्यायची ठरलं. १८५२ च्या जानेवारीत कुटुंब डेव्हनच्या किनाऱ्यावर गेलं. विश्रांती कसली! ओहोटी लागली की हा छिन्नी-हातोडा घेऊन खडकांत. आत्यानं दाखवलेली समुद्रफुलं पुन्हा समोर आली आणि या वेळी त्यानं ती काचेत ठेवली.

त्याच्या आधी हा प्रयोग कुणी केलाच नव्हता असं नाही. १८३० च्या दशकात सिसिलीत झान व्हिलप्रो-पॉवर या बाईंनी समुद्रजीव अभ्यासायला काचेच्या टाक्या बनवल्या होत्या. १८४६ मध्ये अ‍ॅना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून थेट लंडनला आपल्या घरी आणले. पाणी संपत आलं तेव्हा त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीसमोर बसून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायची, हवा मिसळावी म्हणून. आजच्या एअर पंपाचं काम करणारी ती बाई. तिचं नाव कुणी नोंदवलं नाही. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं त्यामागचं गणित मांडलं. वनस्पती प्राणवायू देतात, मासे तो घेतात, गोगलगायी कुजकी पानं साफ करतात. समतोल जमला की पाणी बदलावं लागत नाही. आणि १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये काचेवरचा कर उठला होता. काच स्वस्त झाली. नसता हा कर उठला तर सगळं श्रीमंतांच्या घरापुरतंच राहिलं असतं.

गॉसनं या सगळ्याची गाठ बांधली. लंडनच्या प्राणीसंग्रहालयात १८५३ च्या मे महिन्यात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, त्यातले बरेच समुद्रजीव त्यानं गोळा करून दिले होते. १८५४ मध्ये त्याचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं, रंगीत चित्रांसह. तोवर लोक याला काहीबाही म्हणायचे. गॉसला सुटसुटीत, सोपा शब्द हवा होता, तो त्यानं पुढं केला आणि टिकला. पुस्तक तुफान खपलं. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांसाठी त्यानं कृत्रिम समुद्राचं पाणी बनवायची कृतीसुद्धा दिली. साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड, चारच क्षार. आज ऑनलाइन मागवता त्या मिठाच्या बादलीत यापेक्षा बरंच काही असतं, पण तिची पणजी हीच.

आता त्या हीटरकडं येऊ.

गॉसच्या टाकीतले प्रवाळ एकेकटे राहणारे, वाटीएवढेसुद्धा नाहीत. त्यातल्या एका लाल-सोनेरी जातीचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा १८५३ मध्ये त्यानंच केलं, बॅलॅनोफिलिया रेजिया. हे जीव थंड पाण्यातलेच, भक्ष्य पकडून जगणारे. त्यांच्या शरीरात शैवाल नसतं. त्यामुळं त्यांना ना कडक उजेड लागत, ना ऊब. उलट उन्हाळा जड जायचा. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि नेमका तेव्हाच जिवांना जास्त लागतो. टाकी खिडकीत ठेवली आणि ऊन आलं की खलास. लंडनचं ते पहिलं मत्स्यालय तर काच आणि लोखंडाचं होतं, म्हणजे उन्हात तापणार आणि थंडीत गारठणार.

यावर उपाय शोधला तो गॉसच्याच लाटेत धंद्याला लागलेल्या विल्यम अल्फर्ड लॉइडनं. लंडनमध्ये त्याचं अ‍ॅक्वेरियमचं दुकान होतं. पुढं १८७१ मध्ये क्रिस्टल पॅलेसचं मत्स्यालय त्यानं उभं केलं. तिथं दिसणाऱ्या टाक्यांच्या खाली त्यानं अंधारा, भलामोठा हौद बांधला. वरच्या टाक्यांपेक्षा जास्त पाणी खाली. वाफेच्या इंजिनावरचे पंप ते पाणी रात्रंदिवस वर-खाली फिरवायचे. इतकं पाणी एकदम तापतही नाही आणि गारही होत नाही. आज रीफ टँकच्या खालच्या कपाटात 'सम्प' नावाची दुसरी टाकी असते ना, ज्यात हीटर दडवतात? कल्पना तीच.

तुमच्या टँकमधले रंगीत प्रवाळ मात्र वेगळे. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न बनवतं आणि प्रवाळाला पोसतं. ही भागीदारी तापमानावर फार चालते. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमालपेक्षा एक-दोन अंशांनी वर गेलं आणि आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ शैवालाला बाहेर काढतो, पांढरा पडतो. १९९८ मध्ये लक्षद्वीप आणि अंदमानात हेच झालं. थंडीनंही असंच होतं. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर थंडीची लाट आली आणि उथळ पाण्यातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेले. अख्ख्या समुद्राची ही गत, तर तुमच्या शंभर लिटरांची काय कथा.

गणित करून बघा, बारावीच्या फिजिक्सचंच आहे. १०० लिटर पाणी १ अंशानं तापवायला साधारण ४२० किलोजूल लागतात. १०० वॅटचा हीटर ते काम ७० मिनिटांत करतो, तेही एक थेंब उष्णता बाहेर गेली नाही असं धरलं तर. उलट बाजूनं पाहिलं तर टाकीतून १०० वॅटनं उष्णता निसटत असेल, तर लाइन गेल्यावर दर ७० मिनिटांना एक अंश खाली. आणि निसटते कुठून? काचेतून थोडी, पण बरीचशी वरून, बाष्पीभवनातून. हे वर्धेकराला सांगायला नको. मे महिन्यात कूलर आणि माठ ज्या तत्त्वावर चालतात, त्याच तत्त्वावर तुमचा उघडा टँक जानेवारीत गार होतो. १ लिटर पाणी उडून जाताना सुमारे २४०० किलोजूल घेऊन जातं. सगळी उष्णता त्या शंभर लिटरांतूनच गेली असं धरलं तर साडेपाच अंशांहून जास्त घट. म्हणून हिवाळ्यात वर काच झाका, थोडी फट ठेवून. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी घाला, खारं नको. मीठ उडत नाही, ते टाकीतच राहतं.

एक मोठा हीटर घेण्यापेक्षा दोन लहान घेतलेले बरे. एक बंद पडला तर दुसरा निम्मा भार उचलतो. आणि थर्मोस्टॅट चालू अवस्थेत अडकला, जे होतं, तर लहान हीटर पाण्याचं सार करू शकत नाही. लाइन गेली की लोक आधी थंडीची काळजी करतात. ते चुकतं. पंप बंद पडल्यावर जीव आधी गुदमरतात, गारठतात नंतर. म्हणून बॅटरीवरचा एअर पंप पहिला, मग टाकीभोवती गोधडी किंवा घोंगडं. गरम पाणी थेट ओतायचं नाही. बंद बाटलीत भरून ती टाकीत तरंगत सोडायची. लाइन आली म्हणून घाईनं तापमान चढवायचं नाही, सावकाश येऊ द्यायचं. वर्ध्यात हिवाळा दोन महिन्यांचा आणि खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये, पारा पंचेचाळीसच्या वर गेला की. तेव्हा हीटर काढून ठेवावा लागतो आणि झाकण उघडावं लागतं. म्हणजे जानेवारीत जे बाष्पीभवन शत्रू, तेच मे महिन्यात मित्र.

उष्ण समुद्रातले प्रवाळ टाकीत नीट टिकवायला माणसाला गॉसनंतर शंभर वर्षं लागली. आणि सुरुवातीचं यश कुठं मिळालं? जिथं हीटरची गरजच नव्हती तिथं. पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनियात रेने कॅटाला यांनी १९५६ मध्ये मत्स्यालय उघडलं आणि ताज्या समुद्राच्या पाण्यावर प्रवाळ जगवले. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी घरच्या टाकीत समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ ठेवले आणि १९६१ मध्ये ते लिहून जगाला सांगितलं. युरोपातल्या थंड घरांत हे जमलं त्याच्या पुष्कळ नंतर.

गॉसकडं परत. १८५६ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. डिग्री नसलेला जुना कारकून! त्याच वर्षी एमिलीला स्तनाचा कर्करोग असल्याचं निघालं. शस्त्रक्रियेऐवजी त्यांनी एका अमेरिकी डॉक्टरचे मलमाचे उपचार निवडले. ते विलक्षण वेदनेचे होते आणि उपयोग झाला नाही. फेब्रुवारी १८५७ मध्ये ती गेली. एडमंड तेव्हा सात वर्षांचा.

त्याच वर्षाच्या शेवटी गॉसनं 'ऑम्फलॉस' नावाचं पुस्तक काढलं. ग्रीकमध्ये ऑम्फलॉस म्हणजे बेंबी. भूगर्भशास्त्रज्ञ सांगत होते की पृथ्वी फार जुनी आहे, खडकांतले जीवाश्म त्याचा पुरावा. बायबलवर अक्षरशः विश्वास ठेवणाऱ्या गॉसनं तोडगा काढला. देवानं जग निर्माण केलं तेच जुनेपणाच्या खुणांसकट, जसं पहिल्या माणसाला जन्म न घेताही बेंबी असणार. त्याला वाटलं, आता विज्ञान आणि श्रद्धा दोघांचं भांडण मिटलं. झालं उलटंच. वैज्ञानिक हसले आणि धार्मिक लोकही रागावले, कारण याचा अर्थ देवानं खडकांत खोटं लिहून ठेवलं असा होत होता. जवळचा मित्र चार्ल्स किंग्ज्लीलाही ते पटलं नाही. दोनच वर्षांनी डार्विनचं पुस्तक आलं. गॉसच्या बेंबीची चेष्टा अजून चालू आहे. मला स्वतःला यात हसण्यासारखं फार दिसत नाही. प्रवाळाचा एकेक तंतू मोजणारा, अंदाजावर एक ओळ न लिहिणारा हा माणूस. त्याला समोरचा पुरावाही सोडता येईना आणि मनातला देवही. बायको नुकतीच गेली होती.

तो डेव्हनला, सेंट मेरीचर्च गावी कायमचा राहायला गेला. तिथं १८६० पर्यंत ब्रिटनमधल्या समुद्रफुलांवर आणि प्रवाळांवर त्याचा मोठा ग्रंथ पुरा झाला, स्वतः काढलेल्या चित्रांसह. त्याच वर्षी एलायझा ब्राइटवेनशी दुसरं लग्न केलं. आणि पुढं त्यानं नवा छंद धरला तो ऑर्किडचा. उष्ण प्रदेशातली ही फुलं इंग्लंडच्या हिवाळ्यात तापवलेल्या काचघरात जपावी लागतात. म्हणजे ज्याच्या प्रवाळांना कधी ऊब लागली नाही, त्याला उतारवयात शेवटी ऊब सांभाळायचं काम लागलंच. ऑर्किडविषयी डार्विनशी त्याचा पत्रव्यवहारही झाला. मतं दोन टोकांची, पण फुलांवर दोघांचं जमायचं.

एक दुखणं मात्र त्याला आत लागलं होतं. पुस्तकं वाचून इंग्लंडभरचे लोक छिन्नी-हातोडा आणि बरण्या घेऊन किनाऱ्यावर उतरले होते. १८५५ मध्ये तो स्वतः लोकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेऊन शिकवायचा. छंद काही वर्षांतच ओसरला, टाक्या कोरड्या पडल्या, पण तोवर खडकांतली डबकी ओरबाडून निघाली होती. हजारो वर्षं कुणी हात न लावलेल्या त्या डबक्यांत त्यानं जे पाहिलं होतं, ते त्याच्या मुलाच्या पिढीला दिसलं नाही. दाखवणारा तोच होता आणि हे त्याला ठाऊक होतं. मनापासून प्रेम करून, भक्तिभावानं लिहिलेल्या पुस्तकाचा हा परिणाम.

तुमच्या-माझ्याकडं हा प्रश्न आजही तसाच आहे. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्राखाली प्रवाळाचं मोठं पठार आहे, कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, सी फॅन हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. बोरच्या जंगलातल्या वाघाला जे संरक्षण, तेच यांना. जिवंत असो की वाळलेला तुकडा, समुद्रातून काढणं आणि विकणं गुन्हा. तेव्हा टँकसाठी कुणी स्वस्तात प्रवाळ देत असेल, तर हीटर किती वॅटचा घ्यायचा याच्या आधी तो आला कुठून, हे विचारायचं. मासेही शक्यतो टाकीत पैदास झालेले घ्या. क्लाउनफिशची पैदास टाकीत होते.

म्हातारपणी गॉसला आकाशाचं वेड लागलं. सत्तरी ओलांडलेला माणूस दुर्बीण घेऊन तारे बघू लागला. हिवाळ्यातल्या एका रात्री, उघड्या खिडकीत दुर्बीण जुळवत बसला असताना त्याला थंडी बाधली. छाती भरली, ती काही नीट झाली नाही. २३ ऑगस्ट १८८८ ला तो गेला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी.

मुलगा एडमंड मोठा समीक्षक झाला. तरुण सरोजिनी नायडूंना इंग्लंडमधली उसनी फुलं-पाखरं सोडून भारतावर कविता लिहायला सांगणारा तो हाच. वडिलांचा धर्म त्यानं सोडला आणि १९०७ मध्ये 'फादर अँड सन' लिहिलं. तुमच्यात कुणी इंग्रजी साहित्य घेऊन बीए-एमए करत असेल तर नाव ऐकलं असेल. वडिलांवर त्यात तो कठोर आहे, कधी कधी अन्यायकारकही. पण रिकाम्या झालेल्या त्या डबक्यांविषयीची पानं आणि गुडघाभर पाण्यात, समुद्रफुलं शोधत वाकलेला बाप, एवढं वाचायला तरी ते पुस्तक कॉलेजच्या लायब्ररीत शोधा.